दुर्मिळ काता हाती आला असेल तर

जुन्या परंपरेत शिकलेल्या कराटेच्या शिक्षकांकडून, आणि त्याहून अधिक त्यांच्या प्रौढ विद्यार्थ्यांकडून, वारंवार येणाऱ्या पृच्छांचा आशय थोड्याफार फरकाने एकच असतो: आमच्या सेन्सेईंनी (गुरूंनी) आम्हांला एक काता (हालचालींचा ठरीव क्रम) शिकविला, तो स्पर्धांच्या यादीत नाही, पुस्तकांत सापडतो तो निराळ्याच रूपात, आणि तो पुरता येणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, तर त्याचे आम्ही करावे काय? कोणी विचारतो, तो मोबाइलवर चित्रित करून सर्वांसाठी खुला करावा काय. कोणी विचारतो, दोन ज्येष्ठ विद्यार्थी तो दोन तऱ्हांनी करतात, त्यांपैकी खरा कोणाचा. आणि कोणी थोड्या संकोचाने असेही विचारतो की संघटना सोडल्यावर तो शिकविण्याचा आपला हक्क उरतो की नाही. हे प्रश्न निरनिराळे दिसले तरी त्यांच्या मुळाशी एकच घोळ आहे. हाती आलेली वस्तू ही ठेव आहे की मालमत्ता, याचा निर्णय झालेला नसतो. माझे मत आरंभीच नमूद करतो. काता ही ठेव आहे. ती जशी आली तशी तिची नोंद आधी झाली पाहिजे, आणि आपल्या सुधारणा, आपले अर्थ व आपली आवड यांची खतावणी स्वतंत्र वहीत व्हावी. पुढील बहुतेक सूचना या एका क्रमातूनच निघालेल्या आहेत.

प्रथम आपल्याजवळ काय आहे ते ठरवा

नावावरून काता ओळखू नका. सेइसान या एकाच नावाचा काता ओकिनावातील शुरीकडच्या परंपरेत एका रूपात, नाहाकडे हिगाओन्ना कान्र्यो यांच्या शिष्यपरंपरेत दुसऱ्या रूपात आणि उएची घराण्यात तिसऱ्या रूपात आढळतो. तिन्हींचे नाते जाणकारांस दिसते, परंतु एक येणाऱ्यास दुसरा आपोआप येत नाही. याउलट एकच काता दोन नावांनी वावरतो. फुनाकोशी गिचिन यांनी ओकिनावातून जपानच्या मुख्य भूमीवर कराटे नेल्यावर पिनानचे हेइआन, नाइहांचीचे तेक्की, कुशांकूचे कांकू आणि चिंतोचे गांकाकू झाले. म्हणून आपण ज्यास दुर्मिळ काता समजता, तो कित्येकदा सुपरिचित काताचा दुर्मिळ पाठ असतो. त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही. परंतु नोंद निराळ्या तऱ्हेने करावी लागते.

तिसरीही एक शक्यता आहे आणि ती मान्य करण्यास विद्यार्थी फार नाखूष असतात: तो काता आपल्या सेन्सेईंनी किंवा त्यांच्या गुरूंनी स्वतः रचलेला असेल. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. शाळकरी मुलांसाठी पिनानची मालिका इतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केली, आणि गेकिसाई हे दोन काता मियागी चोजून यांनी १९४० च्या सुमारास रचले. आज त्यांची गणना परंपरेतच होते. रचना अलीकडील असली तर तसे लिहावे, तिला पुराणपुरुषाची वंशावळ चिकटवू नये.

एका कागदावर पुढील मुद्द्यांची उत्तरे लिहून काढा, आणि जेथे उत्तर नाही तेथे जागा कोरी सोडा. अंदाजाने भरलेली जागा पुढच्या पिढीत इतिहास म्हणून वाचली जाते.

- सेन्सेईंना हा काता कोणाकडून, कोठे आणि साधारण कोणत्या काळात मिळाला. पूर्ण मिळाला की तुकड्यातुकड्यांनी.
- त्याची सर्व प्रचलित नावे, सेन्सेई करतात त्या उच्चारासह, आणि उपलब्ध असल्यास जपानी लिपीत.
- आज तो पूर्ण येणारे कोण, अर्धवट येणारे कोण, आणि येत होता पण सराव सुटला असे कोण.
- सेन्सेईंनी स्वतः काही बदलले असल्यास नेमके काय आणि कशासाठी.

या शेवटच्या मुद्द्याचे उत्तर मिळविण्यास सर्वांत अधिक वेळ लागतो. वयोमानाने गुडघा दुखू लागला म्हणून उडी गाळली गेली, आणि दहा वर्षांत सगळ्या वर्गाने ती गाळली, असे प्रत्येक डोजोत, म्हणजे सरावाच्या वर्गात, घडते, तेव्हा हा प्रश्न ज्येष्ठांस विचारताना परीक्षकाचा सूर न लावता, “सेन्सेई, आपण तरुणपणी हे कसे करीत होता?” एवढेच विचारावे.

सेन्सेई हयात आहेत तोवर

या कामात दिरंगाई कशी भोवते याचे दाखले ओकिनावातच आहेत. एप्रिल ते जून १९४५ या काळात त्या बेटावर झालेल्या लढाईत घरे, दप्तरे आणि माणसे एकदमच गेली. कराटेचे आचार्य क्यान चोतोकू हे त्या युद्धातून जिवंत निघाले, पण त्याच वर्षी निर्वासितांच्या छावणीत त्यांचा अंत झाला. आणि मियागी चोजून यांच्या पश्चात गोजू-ऱ्यूची धुरा वाहतील असे ज्यांच्याविषयी सर्वांस वाटत होते, ते शिंझातो जिनआन त्याच वर्षी मारले गेले. मियागी पुढे आठ वर्षे जगले. तथापि १९५३ साली ते वारले तेव्हा त्यांच्यामागे सर्वमान्य असा एक उत्तराधिकारी नव्हता. आपल्याकडे युद्ध नसले तरी पक्षाघाताचा झटका, परगावी मुलाकडे कायमचे जाणे, किंवा दोन ज्येष्ठांतील अबोला, यांपैकी काहीही तेच काम बिनबोभाट करते.

परवानगी मागण्याची रीत असते. वर्ग सुटल्यावर घाईघाईने, सर्वांच्या देखत, हातात मोबाइल घेऊन विचारू नका. सेन्सेईंच्या घरी जा, दोघे जा, आणि हे चित्रण कशासाठी, कोण पाहील, कोठे राहील, ते प्रसिद्ध होईल की नाही, हे चारही मुद्दे आपणहून सांगा. पुष्कळ वृद्ध शिक्षक चित्रणास नकार देतात तो गुप्ततेच्या आग्रहाने देतात असे आपण समजतो. प्रत्यक्षात आपला आजचा थकलेला काता लोक पाहतील ही लाज त्यामागे असते. अशा वेळी त्यांनी बसून सांगावे आणि विद्यार्थ्याने करावे, ही तोड बहुधा पटते. आणि ती केवळ तडजोड नाही, हे पुढे स्पष्ट होईल. तरीही ते ठाम नाही म्हणाले, तर चोरून चित्रण करू नये. कागद आणि आपले अंग ही दोन साधने तेव्हाही शिल्लक असतात.

चित्रण: काय टिपावे आणि काय टाळावे

चित्रफीत म्हणजे जतन, हा आजचा सर्वांत मोठा भ्रम आहे. चित्रफितीत बाह्य हालचाल दिसते. वजन कोणत्या पायावर किती होते, श्वास कोठे रोखला आणि हात थांबला तो दमल्यामुळे की तसाच थांबावयाचा होता म्हणून, हे दिसत नाही. तरीही चित्रण करावेच. मात्र समारंभाच्या थाटात नव्हे, पंचनाम्याच्या पद्धतीने करावे.

जमिनीवर चिकटपट्टीने हातभर अंतराच्या चौकटी आखून घ्या, म्हणजे काता जेथे सुरू झाला तेथेच संपतो की नाही आणि कोणत्या पावलाने रेषा सुटली हे नंतर मोजता येईल. पायघोळ विजारीत गुडघा आणि टाच पार लपून जातात. विजार गुडघ्यापर्यंत दुमडावी. सांचिनसारखा श्वासप्रधान काता असेल तर उघड्या अंगाने करण्याची गोजू व उएची परंपरांतील रीत चित्रणासही सोयीची आहे, कारण बरगड्यांखालचा आवळ आणि खांद्यांची ठेवण कापडाखाली दिसतच नाही. समोर, पाठीमागे आणि दोन्ही बाजू अशा चारही अंगांनी, कॅमेरा कमरेच्या उंचीवर स्थिर ठेवून, डोक्यापासून पावलापर्यंत संपूर्ण देह चौकटीत राहील असे चित्रण करावे. दृश्य जवळ ओढू नये, संगीत घालू नये, श्वासाचा आवाज पुसू नये. आरंभी तारीख, स्थळ, करणाऱ्याचे नाव, वय आणि त्याला तो काता येऊन किती वर्षे झाली हे तोंडाने सांगून घ्यावे.

तीन तऱ्हांचे चित्रण हवे. एक, नेहमीच्या गतीने. दुसरे, मोजणीवर, प्रत्येक हालचालीस थांबून. तिसरे आणि माझ्या मते या सर्वांत मोलाचे चित्रण म्हणजे विद्यार्थी काता करीत असता सेन्सेई त्याला सुधारीत आहेत त्याचे. सेन्सेई उठून येतात, विद्यार्थ्याचे कोपर दोन बोटांनी आत ढकलतात, मागच्या टाचेवर आपला पाय ठेवून ती जमिनीस टेकवितात, “एवढे नाही, याहून कमी” असे म्हणतात. काताचे जे ज्ञान त्यांना विचारूनही सांगता येत नाही, ते या दुरुस्त्यांत आपोआप बाहेर पडते. असा तासाभराचा एक ऐवज निर्दोष सादरीकरणाच्या अनेक फितींपेक्षा उपयोगी ठरतो. विद्यार्थी मध्यम तयारीचा निवडावा; फार तयार असेल तर सेन्सेई काही बोलणारच नाहीत.

टिपण लिहावे ते असे

चित्रफितीच्या जोडीस लिखित टिपण हवेच, कारण लिहिताना जे प्रश्न पडतात ते पाहताना पडत नाहीत. काता पुस्तकात टिपण्याची रीत जुनीच आहे: फुनाकोशींच्या १९२२ सालच्या पहिल्या पुस्तकात काता रेखाचित्रांनी दाखविले होते. १९२३ च्या कांतो भूकंपात त्याचे छपाईचे ठसे नष्ट झाले आणि १९२५ साली छायाचित्रांसह नवी आवृत्ती निघाली. आपल्याकडे बडोद्याहून निघालेल्या मुजुमदारांच्या व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड ज्यांनी चाळले असतील त्यांना ठाऊक आहे की देहाची हालचाल मराठीत लिहिता येते, त्यासाठी परकी परिभाषा उसनी घ्यावी लागत नाही.

नमुन्यादाखल नाइहांचीचा पहिलाच तुकडा घ्या. “पाय जुळलेले. दोन्ही पंजे उघडे, ओटीपोटासमोर एकावर एक, डावा वर. दृष्टी उजवीकडे वळते, धड वळत नाही. डावे पाऊल उजव्यापुढून ओलांडते. उजवे पाऊल उजवीकडे जाते. त्याच क्षणी उजवा उघडा हात बाजूस सरळ जातो. मग डावे कोपर उजव्या तळहातावर येते.” इतके लिहून झाल्यावर खरे प्रश्न सुरू होतात. पाऊल ओलांडताना डोके वर उठते काय? उजवे पाऊल ठेवण्यापूर्वी गुडघा उंच उचलून ते आपटावयाचे, की जमिनीलगत सरकत न्यावयाचे? फुनाकोशींच्या शोतोकानमधील तेक्कीत ते जोराने पडते आणि ठाण रुंद असते. ओकिनावातील कित्येक डोजोंत ते शांतपणे ठेवले जाते आणि ठाण अरुंद असते. आपल्या सेन्सेईंकडे काय आहे, तेच लिहा. पुस्तकात पाहून दुरुस्त करू नका. पुस्तकाशी जुळत नाही म्हणून जी जागा आपण गुपचूप सारखी करू पाहता, नेमकी तीच जागा आपल्या पाठाला इतरांपासून वेगळे करणारी असू शकते.

प्रत्येक हालचालीपुढे निदान इतके स्तंभ ठेवा: दिशा, ठाण व वजन, हात, दृष्टी, श्वास, गती. अर्थ, म्हणजे ज्यास आपण बुंकाई म्हणतो, तो याच तक्त्यात भरू नये. सेन्सेईंनी सांगितलेला अर्थ त्यांच्या नावाने स्वतंत्र पानावर लिहावा, आपल्याला सुचलेला त्याच्याही मागच्या पानावर. कारण अर्थ सोयीचा वाटला की हालचाल त्या अर्थाकडे कलते, आणि दोन पिढ्यांत मूळ हालचाल कोणती होती हे सांगणारा कोणी राहत नाही.

दोन ज्येष्ठ, दोन पाठ

“खरा कोणता?” या प्रश्नावर डोजो फुटलेले आपण पाहिले असतील. सेन्सेईंनी एकास १९७५ च्या सुमारास शिकविले असेल आणि दुसऱ्यास १९९५ च्या. मधल्या काळात त्यांचे स्वतःचे शरीर व समज दोन्ही बदलले असतील, किंवा एकाची उंची पाहून त्यांनी मुद्दाम ठाण बदलून दिले असेल. दोघेही प्रामाणिक असू शकतात. येथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी जी शिस्त पाळली ती आपल्याही कामाची आहे: हस्तलिखितांतील पाठभेद त्यांनी फेकून दिले नाहीत, ते संहितेच्या तळाशी कोणत्या पोथीत काय आहे या नोंदीसह छापले. आपणही एक पाठ शिकविण्यासाठी निवडा, दुसरा नावासह व सालासह टिपणात तळाशी ठेवा, आणि दोहोंतील बऱ्या बऱ्या जागा निवडून तिसरा “उत्तम” काता बनविण्याचा मोह मात्र आवरा. असा मिश्र पाठ कोणाच्याच गुरूने कोणासही दिलेला नसतो.

खुला करावा की राखून ठेवावा

या प्रश्नाला एकच उत्तर नाही, परंतु ओकिनावातील नाकाइमा घराण्याचा वृत्तान्त निर्णयास साह्य करील. चीनमध्ये शिकून आलेल्या नाकाइमा नोरिसातो यांची विद्या तीन पिढ्या घराबाहेर गेली नव्हती. नाकाइमा केनको यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी, वयाच्या साठीच्या आसपास, ती बाहेरच्या निवडक लोकांस शिकविण्याचे ठरविले. या पद्धतीस आज ऱ्यूएइ-ऱ्यू म्हणतात. त्यांच्या शिष्यांपैकी साकुमोतो त्सुगुओ यांनी त्या परंपरेतील आनान हा काता करून १९८० च्या दशकात जागतिक अजिंक्यपदे मिळविली, आणि साकुमोतोंचे शिष्य कियुना ऱ्यो यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये तोक्योच्या ऑलिंपिक स्पर्धेत, निप्पोन बुदोकानमध्ये, त्याच परंपरेतील ओहान दाइ करून काताचे सुवर्णपदक घेतले. घरात बंद असलेली वस्तू पन्नास वर्षांत जगापुढे आली. केनको यांनी दार उघडले नसते तर कदाचित आपणांस तिचे नावही कळले नसते.

परंतु याचीच दुसरी बाजू अशी की आज आनान करणारे बहुसंख्य खेळाडू त्या घराण्याच्या शिक्षकासमोर कधी उभे राहिलेले नाहीत. त्यांनी तो पडद्यावरून उचललेला आहे. केनको यांनी आधी मोजक्या लोकांस समक्ष शिकविले आणि प्रसिद्धी नंतर आली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपणही निदान तीन माणसे पुरती तयार झाल्यावाचून संपूर्ण चित्रफीत सर्वांसाठी खुली करू नये. तोवर परंपरेचे नाव, वंशावळ आणि एखादा तुकडा प्रसिद्ध करण्यास हरकत नसते; उलट त्यामुळे दुसरीकडे तोच काता शिकलेला एखादा अज्ञात ज्येष्ठ आपणांस शोधत येण्याचा संभव असतो.

स्पर्धेविषयी दोनच शब्द. जागतिक कराटे महासंघाच्या यादीत १०२ काता आहेत, आणि खेळाडूच्या पद्धतीप्रमाणे होणारे किरकोळ फरक नियमांस मान्य असतात. म्हणजे आपला पाठ यादीतील काताचा असेल तर तो घेऊन उतरता येईल. यादीबाहेरचा असेल तर त्याला यादीत बसविण्यासाठी कापू नका. तो सरावाचा काता म्हणून राहू द्या.

कोणाच्या हाती द्यावा

वर्गातील सर्वांत चपळ मुलगा हा वारस म्हणून सर्वांत आधी डोळ्यांत भरतो, आणि बहुधा तोच महाविद्यालय किंवा नोकरी यांच्या निमित्ताने सर्वांत आधी गाव सोडतो. चाळिशीची, रोज पहाटे न चुकता येणारी, पदकांचा हव्यास संपलेली व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, या कामास अधिक भरवशाची. तिच्याकडून तो काता तिसऱ्या माणसाकडे जाण्याचा संभव अधिक. एकावर विसंबू नका. किमान तिघे असावेत, वेगवेगळ्या वयांचे, आणि शक्य तर वेगवेगळ्या गावचे.

या तिघांनी वर्षातून दोनदा एकत्र येऊन, आरशाशिवाय आणि एकमेकांस न पाहता, काता करावा व तो टिपणाशी ताडून पाहावा. जेथे तिघांचेही सारखेच घसरले असेल तेथे विशेष सावध राहा. सामुदायिक चूक ही परंपरेसारखी दिसते.

भर घालावयाची झाल्यास उएची घराण्याची रीत अनुकरणीय आहे. उएची कानबून यांनी चीनमधून आणलेले काता तीनच: सांचिन, सेइसान आणि सानसेइर्यू. त्यांचे पुत्र कानेई यांच्या काळात शिकविण्याच्या सोयीसाठी आणखी पाच काता रचले गेले आणि एकूण संख्या आठ झाली. पण जुने तीन कोणते आणि नवे पाच कोणते, हे त्या पद्धतीतील साध्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. मूळ काता कठीण वाटतो म्हणून तो सोपा करण्यापेक्षा त्याच्या अलीकडे एक पायरी बांधावी.

आपले हक्क आणि आपली मर्यादा

हा भाग सर्वसाधारण माहितीपुरता आहे. वाद उपस्थित झाला असल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा.

जुन्या काताची मालकी कोणाकडेही नाही. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, आणि ज्या रचनांचे कर्तेच अज्ञात किंवा शतकापूर्वीचे आहेत त्यांवर कोणतीही संघटना मक्ता सांगू शकत नाही. तंत्र, व्यायाम आणि आसने यांच्या पद्धतीवर असा हक्क न देण्याकडेच न्यायालयांचा कल आहे. प्राणिक हीलिंगविषयीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ साली हीच भूमिका घेतली. मात्र त्याविषयी लिहिलेले पुस्तक, काढलेली छायाचित्रे आणि केलेली चित्रफीत यांवर हक्क असतो. सेन्सेईंनी स्वतः नवा काता रचला असेल आणि तो लेखी वा अन्य रूपाने स्थिर केलेला असेल, तर नृत्यरचनेप्रमाणे त्यास नाट्यकृतीचे संरक्षण मागता येईल की नाही हा वादाचा विषय आहे. शिवराम कारंत यांच्या यक्षगान-बॅलेसंबंधी २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण या दृष्टीने वाचनीय आहे. यक्षगान सर्वांचे, पण कारंतांनी त्यात जे नवे निर्माण केले त्याचा हक्क त्यांच्या मृत्युपत्राने संक्रमित झाला.

व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या बाबी अशा:

- काता करून दाखविणाऱ्या सेन्सेईंना कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहे. त्यांच्या संमतीवाचून सादरीकरणाचे चित्रण करता येत नाही; हा हक्क ५० वर्षे टिकतो, आणि आपले नाव लावले जावे व सादरीकरणाची मोडतोड होऊ नये असा आग्रहही त्यांना धरता येतो. संमती लेखी घ्या, आणि ती जतनासाठी, शिकविण्यासाठी की प्रसिद्धीसाठी, हे त्यात स्पष्ट लिहा.
- मोबदला देऊन छायाचित्रकाराकडून काम करून घेतल्यास, उलट करार नसेल तर, चित्रफितीचा हक्क करवून घेणाऱ्याचा असतो. स्नेह्याने फुकट करून दिल्यास घोटाळा होतो. त्याच्याकडून हक्काचे लेखी हस्तांतरण घ्या. त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे, आणि प्रदेश लिहिला नाही तर केवळ भारत, असे कायदा धरून चालतो.
- संघटनेचे नाव, बोधचिन्ह आणि प्रमाणपत्र यांवर तिचा अधिकार असतो. सदस्यत्व सुटल्यावर ते वापरू नका. पण “आमच्याकडून गेलात, आता शिकवू नका” अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही.
- वर्गातील अल्पवयीन मुले चित्रणात असतील तर पालकांची लेखी संमती घ्या.

कायद्याने जे करता येते ते सर्व करावेच असे नाही. गुरुबंधूंशी बोलल्यावाचून, केवळ हक्क आहे म्हणून, हयात सेन्सेईंचा काता प्रसिद्ध करणारा मनुष्य दाव्यात हरत नाही, पण पुढे त्याच्या शंकांचे निरसन करणारा कोणी राहत नाही.

दप्तर कोठे ठेवावे

चित्रफितींच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या घरांत आणि एक ऑनलाइन साठवणीत, ठेवाव्यात व दर दोन-तीन वर्षांनी उघडून पाहाव्यात. बंद पडलेली हार्ड डिस्क ही वाळवी लागलेल्या बाडाइतकीच निरुपयोगी. टिपण मात्र चांगल्या कागदावर छापून बांधून घ्यावे. सेन्सेईंच्या खासगी वह्या, छायाचित्रे, पत्रे यांची यादी त्यांच्या समक्ष करून, ती कोणाकडे जावीत हे त्यांनी मृत्युपत्रात दोन साक्षीदारांसमक्ष लिहावे. घरच्या मंडळींना हा विषय अगोदर माहीत असला म्हणजे निधनानंतर रद्दीवाल्याचा फेरा टळतो. शिष्यांची संस्था करावयाची असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यास सात व्यक्ती लागतात आणि महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे वार्षिक हिशेब द्यावे लागतात. तिघाचौघांच्या गटास हा व्याप झेपत नाही. त्यांनी एक साधे करारपत्र करून दप्तराचा सांभाळ कोणी करावयाचा हे ठरविले तरी पुरे. वारसाचे नाव मात्र संदिग्ध ठेवू नये. शितो-ऱ्यूचे संस्थापक माबुनी केनवा १९५२ साली वारल्यावर त्यांचे दोन पुत्र, केनेई आणि केन्झो, दोन स्वतंत्र संघटनांचे प्रमुख झाले; एवढा मोठा संग्रह होता म्हणून दोन्हीकडे पुरला. आपला एकच काता असा वाटला जाणार नाही.

ओकिनावाला जाणार असाल तर

मूळ स्थानी जाऊन ताडून पाहण्याची इच्छा स्वाभाविक आहे आणि ती पूर्ण करणे पूर्वीइतके दुर्घट राहिलेले नाही. नाहाजवळ तोमिगुसुकु येथे २०१७ साली ओकिनावा कराटे काइकान उघडले. तेथील माहिती केंद्र परदेशी अभ्यासकांस योग्य डोजोशी गाठ घालून देते. ओकिनावा प्रांताने १९९७ साली तेथील कराटे व कोबुजुत्सू (शस्त्रविद्या) यांस अमूर्त सांस्कृतिक संपदेचा दर्जा देऊन निवडक आचार्यांस त्याचे धारक म्हणून मान्यता दिलेली आहे, त्यामुळे जुन्या परंपरांविषयी तेथे आस्था आहे. जाण्यापूर्वी आपल्या सेन्सेईंची अनुमती घ्या, त्यांचे पत्र सोबत न्या, आणि वंशावळीचा तो पहिला कागद जपानीत करून घ्या. तेथील डोजोत पाऊल टाकताच आपला काता दाखविण्याची घाई करू नये. काही दिवस त्यांचा नेहमीचा सराव करावा, विचारले तर दाखवावे.

तेथील आचार्य आपली एखादी हालचाल बदलतील, आणि आपल्याला ती बदललेली अधिक सुबक वाटेल. विनयाने शिकून घ्या, तेथे असेतोवर तशीच करा. परत आल्यावर ती टिपणात नव्या पानावर, आचार्यांचे नाव, डोजो आणि तारीख घालून लिहा; जुने पान फाडू नका, त्यावर खाडाखोड करू नका, आणि सेन्सेईंना दोन्ही करून दाखवा.